लाल टोप्या

कुमासी,
१९ जानेवारी २०१७

प्रिय अमोआकोस,

ताईचे अनेक आशीर्वाद. हॅम्बुर्गला बर्फ पडतोय म्हणालास; इकडे हरमाटन वारा नुसती धूळ ओततो आहे. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी बोटाने नाव लिहिण्याजोगं होतं. पपा बरे आहेत, मक्याचं केंके मागून मागून खातात. शेजारच्या ड्युफी मावशी परवा तिकडे निघाल्यात, त्यांच्याकडे शितोच्या तिखट चटणीची बाटली आणि हे पत्र देते आहे. शितो एकट्याने संपवू नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. अरे, या घरात फोनवर काही बोलायची सोय उरलेली नाही. पपांचे कान इतके तिखट झालेत की मी पुढे दुरुस्तीच्या दुकानात कुजबुजले तरी मागच्या अंगणातून उत्तर येतं. आत्ताही ते माझ्या समोरच बसलेत, शेंगदाणे सोलत. लिहायला मात्र काही हरकत नाही.

आधी कामाचं. तू पाठवलेले नवे स्लायडर आणि त्यांच्या टोप्या मिळाल्या. मे महिन्यात पपा तिकडे वाजवणार आहेत त्या कार्यक्रमासाठी त्यांचा सिंथेसायझर ‘अगदी नव्यासारखा’ करून ठेव, असं तू बजावलं होतंस. उघडायला घेतला तर टोप्यांवर आणि आत काय? शियाचं लोणी! आपण या दिवसांत ओठांना आणि टाचांना चोपडतो तेच. त्यावर धूळ बसून सगळा चिखल झालेला. विचारलं तर म्हणाले, "तुझ्या कोपरांना चालतं, मग त्याला का नाही चालणार?" तरुणपणी हॅम्बुर्गमध्ये भांडी घासून घेतलेलं यंत्र, त्यावर त्यांनी अर्ध्या कुमासीची लग्नं आणि मयतं वाजवली. त्याला काय लावायचं हे सांगणारी मी कोण!

चिखल काढला. स्लायडर ज्या कार्बनच्या पट्टीवरून सरकतो ती जागोजाग झिजली होती. आवाज उजळ-मंद करायच्या स्लायडरला तर मधोमध खळगाच पडला होता. इतकी वर्षं पपांचा हात तिथेच येऊन थांबत होता ना. तिथे खरखर यायची. मी जुने सगळे काढले, नवे बसवले, तुझ्या टोप्या चढवल्या आणि मोठ्या दिमाखात पपांना हाक मारली.

त्यांनी सगळ्यावरून हात फिरवला. म्हणाले, "छान केलंस गं पोकुआ. अगदी पहिल्यासारख्याच काळ्याभोर टोप्या मिळाल्या."

अमोआको, तू लाल पाठवल्या होत्यास.

मी ‘हो’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ते वाजवायला बसले. तुला झोपवताना वाजवायचे ती चाल. बोटं पट्ट्यांवर बरोबर पडत होती, पण आवाज काही जुळेना. कधी बसका, कधी कर्कश. उजवा हात त्या स्लायडरवर वर-खाली काहीतरी शोधत होता. शेवटी यंत्र बंद केलं. "हे माझं नाही. कुणाचं आणून ठेवलंस?" असं म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मला इतकं वाईट वाटलं की तिथून उठून मी दुकानात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डावा डोळा गेला आहे, उजव्याने उजेड आणि अंधार तेवढा कळतो. गेलेली नजर परत येत नाही म्हणे. घरातली प्रत्येक वस्तू त्यांना पाठ, त्यामुळे मला पत्ता लागला नाही. पेपर बंद केला तेव्हा ‘सगळा खोटारडेपणा छापतात’ म्हणाले होते, आणि मी शहाणी, माझा विश्वास बसला.

"अमोआकोला कळता कामा नये," परतताना टॅक्सीत त्यांनी बजावलं. "तो लगेच कार्यक्रम रद्द करेल. त्याला बाप सांभाळायला आवडतो, ऐकायला नाही." जसं बोलले तसं लिहिलं आहे, राग माझ्यावर काढू नकोस.

मग मी जुने स्लायडर परत बसवले. स्पिरिटने धुतले, बेताचं ग्रीस लावलं, खळग्याला हात लावला नाही. खरखर येते, येऊ दे. लोण्याचे जाड थर मोजक्या जुन्या टोप्यांवरच होते, हेही तेव्हा लक्षात आलं. वंगण कसलं, हाताला लागावी म्हणून केलेली खूण होती ती! त्या टोप्यांवर कानशीने खाचा पाडल्या. नव्यासारखा काही झाला नाही तुझा सिंथेसायझर. पण काल पपा सकाळी बसले ते जेवायलाही उठेनात, आणि ड्युफी मावशी सामान बांधायचं सोडून कुंपणापाशी नाचत होत्या.

त्यांना यायचं आहे, अमोआको. फार यायचं आहे. विमानतळावर तू स्वतः ये, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. गुडघा दुखतो म्हणत ते तुझा हात धरतील. तूही ‘हो, दुखत असेल’ म्हण. स्टेजवर खुर्चीपर्यंत ने, त्यांचा उजवा हात पहिल्या खाचेवर ठेव आणि बाजूला हो. पुढचं ते बघतील. बाजूला होणं जमणार नसेल तर मला फोन कर, त्यांना नको. मी काहीतरी कारण सांगेन.

"इतकं काय लिहितेस?" आत्ताच पपांनी विचारलं.

"तुमच्या गुडघ्याबद्दल."

"गुडघ्याला इतकी पानं लागतात?"

शेंगदाणे सोलायचा आवाज थांबला. मग म्हणाले, "लिहिलंस तर लिहिलंस. मलाही दोन शब्द लिहू दे. जागा दाखव."

त्यांचं बोट कागदावर ठेवते आहे. अक्षर माझ्या ओळींवर चढलं तर चालवून घे.

तुझी,
पोकुआताई

येतोय. गुडघा ठणठणीत आहे.
पपा