तुटावी म्हणून बांधलेली सुतळी

सेज क्रीक, वायोमिंग
२० ऑगस्ट १९७८

ती. लिओटा वन्संना, आर्डिथचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र आणि चोकचेरीचा जॅम पोचला. बरणीचं झाकण उघडायला मला नालबंदाची सांडशी आणावी लागली. या वयातही तुमच्या मनगटात इतका जोर आहे हे बघून बरं वाटलं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडी थेरॉन गेला, त्या कड्याखाली मी गेल्या आठवड्यात जाऊन आले. तिथला बर्फ या वर्षी उशिरा वितळला. दगडांत आपल्या ‘जून’ नावाच्या खेचरीचं खोगीर सापडलं. हाडं कोल्ह्यांनी पांगवली होती, खोगीर मात्र शाबूत होतं. त्याच्या मागच्या कडीला निळा नायलॉनचा दोर होता आणि त्या दोराला मागच्या खेचराचं दावं अजून बांधलेलं होतं.

तुम्ही याच घरात वाढलात, त्यामुळे तुम्हाला हे सांगायला नको; तरी लिहिते. खेचरांची माळ बांधताना मागच्याचं दावं पुढच्याच्या खोगिराला थेट बांधत नाहीत. मध्ये गवताच्या भाऱ्याच्या सुतळीचा फास ठेवतात. एखादं जनावर घसरलं की सुतळी तुटते आणि ते एकटंच जातं. तुमच्या भावाने, थेरॉनने, जन्मात दुसरं काही वापरलं नाही. हिवाळाभर स्वयंपाकघरात बसून तो हे फास वळायचा आणि सगळ्या खोऱ्याला वाटायचा.

त्या दिवशी जूनच्या पाठीवरचं शिकार केलेल्या एल्क सांबराचं मांस कलंडलं, म्हणून थेरॉन कड्याच्या वाटेवर उतरून दोन खेचरांच्या मध्ये उभा राहिला. मागचं खेचर घसरलं. दोर तुटला नाही. त्या खेचराने जूनला ओढलं आणि जूनने थेरॉनला.

थेरॉनला पुरताना, त्या दिवशी त्याच्याबरोबर माळ घेऊन गेलेल्या बॉइड स्ट्रकरने टोपी काढून सगळ्यांना सांगितलं होतं, की बर्फ येणार म्हणून थेरॉन घाईत होता, त्यानेच नायलॉन बांधला, मी नको म्हणत होतो. लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेन, मला आठवत नाही. पण त्या दोराची गाठ डावखुऱ्याची आहे, वन्सं. या खोऱ्यात माळ बांधणारा डावखुरा एकच.

तेव्हापासून आपली जनावरं कोणी भाड्याने मागायला येत नाही. बिचारा थेरॉन, शेवटी चुकलाच, असं दुकानात म्हणतात.

कळावे, आहे ती माया राहू द्यावी.
आर्डिथ

—

कॅस्पर
२ सप्टेंबर

चि. आर्डिथ हिस लिओटाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि भांडी तशीच टाकून अंगणात जाऊन उभी राहिले. थेरॉन सहा वर्षांचा असताना बाबांनी त्याला पहिली गाठ शिकवली, ती माझ्या वेणीवर. सोडायला कात्री लागली होती. तो मुलगा नायलॉन बांधेल?

तो दोर शेरीफला दाखव. आणि जेवत जा. गेल्या खेपेला तुझा चेहरा घोड्यासारखा लांब झाला होता, आणि तुमच्या घरात घोडे आधीच पुष्कळ आहेत.

तुझी, आशीर्वादात कंजुषी न करणारी,
लिओटा

—

सेज क्रीक
१ ऑक्टोबर

ती. वन्संना शि. सा. नमस्कार, वि. वि.

शेरीफने दोर उलटसुलट करून पाहिला. गाठ म्हणजे काही सही नव्हे, असं म्हणाला. माणूस वाईट नाही. कॉफी घेऊन जा म्हणाला, ती मी घेतली नाही.

मग बॉइड स्वतःच दारात आला. त्याच्या घोड्यांना गळ्याला गाठी येऊन ताप चढलाय, आणि ओमाहाचे दोन दंतवैद्य शिकारीला येऊन बसलेत. तुझी जनावरं दे, वहिनी, असं म्हणाला. मला वहिनी म्हणाला. वर झऱ्याच्या मुखाशी मी त्या तिघांना तंबूसकट सोडायचं, आणि शिकार झाली की खेचरं घेऊन आणायला जायचं, असं ठरलं. शुक्रवारी सोडून आले. बॉइड जाताना सारखा थेरॉनच्या आठवणी काढत होता. कड्याच्या वाटेवर मात्र त्याने कड्याच्या बाजूला एकदाही पाहिलं नाही.

त्याला मी पंधरा तारखेला येते म्हणून सांगितलंय. तुम्हाला खरं सांगते, मी जाणार नाही. तोवर वर मांडीभर बर्फ होईल. विचारलं कोणी तर खेचरं लंगडली म्हणेन. त्याचं खोटं सगळ्यांना खरं वाटलं, माझंही वाटेल.

हे पत्र जाळा.

माझ्यावरची माया कमी झाली तरी मी समजून घेईन.
आर्डिथ

—

कॅस्पर
६ ऑक्टोबर

चि. आर्डिथ हिस आशीर्वाद.

पत्र जाळलं. आता माझं ऐक, आणि मी तुला दयामाया शिकवायला बसले आहे असं समजू नकोस. तो माणूस मेला तर मी केक भाजून शेजाऱ्यांना वाटीन.

पण तो वर गोठून मेला तर काय होईल? पाद्री त्याच्याबद्दल चांगलं बोलेल. बॉइडने टोपी काढून थेरॉनवर घातलेला आळ तसाच राहील आणि तो खोडणारा एकुलता एक माणूस जमिनीखाली जाईल. मेलेल्याकडून कबुली मिळत नाही, पोरी. मला तो जिवंत हवा आहे. त्याचं तोंड चालू हवं आहे.

आणि त्या दोन दंतवैद्यांनी तुझं काही बिघडवलेलं नाही. दात उपटण्यापलीकडे त्यांनी कोणाचंही काही बिघडवलं नसेल.

दोर बरोबर घेऊन जा.

वाट बघणारी,
लिओटा

—

सेज क्रीक
१९ ऑक्टोबर

ती. वन्संना शि. सा. नमस्कार, वि. वि.

मी गेले. बर्फ गुडघ्यापर्यंत होता. दंतवैद्यांनी मला पाहून एकमेकांना मिठी मारली. त्यांच्याकडे दोन एल्क आणि थोडे बिस्किटाचे तुकडे उरले होते. बॉइड म्हणाला, मला ठाऊक होतं वहिनी येणार, थेरॉनचं माणूस आहे.

कड्याच्या वाटेच्या तोंडाशी मी सगळ्यांना उतरवलं. खेचरांमधल्या सुतळ्या सोडल्या आणि तो निळा दोर काढून बांधला, बॉइड बांधतो तशीच डावी गाठ मारून. मग त्याला म्हटलं, मांस कलंडतंय, तू दोन खेचरांच्या मध्ये राहून हात लावत चल.

तो दोराकडे बघत उभा राहिला. सुतळी लाव, असं हळूच म्हणाला. मी म्हटलं, काय हरकत आहे, थेरॉन असाच तर बांधायचा, तूच सगळ्या गावाला सांगितलंस. धाकट्या दंतवैद्याने विचारलं, काय भानगड आहे, दोर मजबूत दिसतोय की. बॉइडने त्याला गप्प राहायला सांगितलं. मी म्हटलं, बर्फ वाढतोय, मला घाई नाही, पण तुम्हाला असेल.

मग बॉइड खाली बसला. सुतळी दोनदा तुटून खेचरं परत पळाली होती म्हणून आपणच नायलॉन बांधला, थेरॉन पुढे होता, त्याला पत्ताच नव्हता, हे त्याने सांगितलं. मी त्याला आणखी मोठ्याने सांगायला लावलं. थोरला दंतवैद्य वाऱ्याने ऐकू येत नाही म्हणाला, म्हणून तिसऱ्यांदाही सांगावं लागलं.

मग मी सुतळी लावली. कबूल केलं म्हणून त्याचं चालणं मात्र मी माफ केलं नाही. तो सगळी वाट दोन खेचरांच्या मध्ये चालला. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. एखादं घसरलं असतं तर बरं झालं असतं की नाही, हे मला सांगता येत नाही.

खाली उतरल्यावर दंतवैद्यांनी दुकानात सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

लोभ आहे तसा असो.
आर्डिथ

—

सेज क्रीक
१४ जानेवारी १९७९

ती. वन्संना शि. सा. नमस्कार, वि. वि.

दंतवैद्यांदेखत दात उपटलास, हे तुमच्या पत्रातलं वाक्य मी दुकानात वाचून दाखवलं. माफ करा.

बॉइडला आता कोणी जनावराला हात लावू देत नाही. नाताळआधी तो आला, दारातच उभा राहिला, आणि काय केलं म्हणजे खोऱ्यात राहता येईल असं विचारलं. मी त्याला सांगितलं, की फास वळणारा आता कोणी उरला नाही, आणि लागतात तर सगळ्यांना.

तेव्हापासून तो रोज येतो. दाराजवळच्या स्टुलावर बसून सुतळी वळतो. लोक फास न्यायला येतात, तेव्हा आपण इथे का बसलोय हे प्रत्येकाला त्याने स्वतः सांगायचं, अशी अट आहे. लोक मुद्दाम एकेकच फास नेतात, म्हणजे परत यायला निमित्त. काल नालबंद चौथ्यांदा आला. विसरलो बुवा, पुन्हा सांग, म्हणाला. आलेल्याला मी कॉफी देते. बॉइडला देत नाही. क्षमा करायला सांगायला पाद्री आला होता. त्यालाही कॉफी दिली आणि एक फास दिला.

हिवाळे अजून पुष्कळ आहेत. त्याची प्रकृती चांगली आहे.

एकच गोष्ट होते. सुतळीने त्याच्या बोटांच्या पेरांना घट्टे पडलेत, अगदी थेरॉनच्या बोटांवर होते त्याच जागी. मी चुलीकडे तोंड करून बसते.

तुम्ही वसंतात या. वेणीला गाठ मारणारं कोणी नाही, निर्धास्त या. माया आहे ती आटू देऊ नये.

तुमची,
आर्डिथ