चार वाजून चौदा मिनिटं

ब्रोकन हिल
रविवार, १२ जून

नेव,

आधी ‘प्रिय नेव’ लिहिलं होतं. मग खोडलं. खाडाखोड दिसायला नको म्हणून नवा कागद घेतला. तर नुसतंच नेव.

तू बरा असशील. ॲडलेडला पाऊस असेल आणि तुझा डावा गुडघा दुखत असेल. इकडे सकाळी नळाच्या तोटीवर बर्फ होता. बेकरीवाल्याने पॅस्टी बोटभर लहान केली आहे आणि वर मलाच विचारतो, फरक जाणवतो का म्हणून. मर्व्ह अजून क्लबचा अध्यक्ष आहे आणि अजून त्याला लेन्सचं झाकण काढायची आठवण करावी लागते. म्हणजे सगळं ठीक आहे.

काल केरी येऊन गेली. तुझी मागची शेड रिकामी करायला आली होती. घर विकलंस हे मला तेव्हा कळलं. एकतीस वर्षांची ओळख आपली, आणि ही बातमी मला तुझ्या मुलीकडून कळते. क्लबच्या वस्तूंचं खोकं तिने माझ्या दारात ठेवलं आणि निघाली. मी हाताला धरून बसवली.

“बाबा कसे आहेत?”

“बरे आहेत, ग्लेन आंटी. टीव्ही बघतात.”

“आणि फोटो?”

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “तीन वर्षांत कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. मॅडीच्या वाढदिवसाला मी म्हटलं, नातीचा एक तरी काढा. तर म्हणाले, तुझ्या फोनवर काढ, त्यात वेळ बरोबर असते.”

“हसत म्हणाला?”

“नाही.”

ती गेल्यावर खोकं उघडलं. बुटांच्या खोक्याला भोक पाडून निगेटिव्ह उतरवायला केलेली आपली ती पेटी. खाली टॅबलेटचा उजेड, मध्ये फिल्म, वर कॅमेरा. दुकानातल्या महागड्या स्कॅनरला लाजवील अशी ती चालायची, आणि तिला तुझ्या जुन्या बनियनची चिंधी चिकटवलेली अजून तशीच आहे. दुधाच्या डब्याचं प्लॅस्टिक कापून फ्लॅशवर बसवायला केलेली टोपी. इअरफोनची वायर, जिचं आवाज वाढवायचं बटण दाबलं की लांबूनच फोनवर फोटो निघतो. ही युक्ती तू मला शिकवलीस आणि मी गावभर माझी म्हणून सांगितली. तू कधी म्हणाला नाहीस, अगं, माझी आहे. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस धोकादायक आहे.

आणि तळाशी बिस्किटांचा डबा. तुला वाटलं असेल, रिकामाच आहे.

त्यात एक पाकीट होतं, चिकटवलेलं. वर तुझं अक्षर, ‘समितीसाठी’, आणि खाली तारीख, तीन वर्षांपूर्वीच्या निकालाच्या सभेनंतर दोनच दिवसांची. पाठवलेलं नाही. मी फोडलं. माझ्या नावाचं नव्हतं तरी फोडलं. आत तुझ्या कॅमेऱ्याचं कार्ड आणि वहीचं एक पान. पान मला पाठ झालं आहे, तरी तुला परत ऐकवते, कारण तू काय लिहून ठेवलंस ते तुलाही पुन्हा ऐकू दे.

‘कार्डावर माझ्या फोटोची वेळ ३.४४ आहे. क्लबच्या फोल्डरमध्ये तोच फोटो ४.१४. सगळ्यांचे फोटो बरोबर तीस मिनिटं पुढे गेले आहेत. सिडनीची वेळ. ग्लेनकडून झालं आहे. समितीला कळवायचं नाही. कळलं तर पालिकेच्या काचेच्या प्लेटा तिच्याकडून काढून घेतील. रॉस गेल्यापासून तिला दुसरं काही नाही.’

नेव ट्रस्कॉट, तुला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कप फोडला मी. केरीने ज्यातून चहा प्यायला तोच.

मला दुसरं काही नाही? माझं काय आहे आणि काय नाही याची यादी करायला तुला कोणी बसवलं? नवरा माझा मेला, डोकं नव्हतं मेलं. तू सरळ माझ्या दारात यायचंस, कार्ड माझ्या तोंडावर फेकायचंस आणि म्हणायचंस, बघ बाई काय दिवे लावलेस ते. मी भांडले असते, रडले असते, दुसऱ्या दिवशी समितीकडे गेले असते. तुला मी एवढीही लायक वाटले नाही? कीव करायला तेवढी लायक, आणि खरं सांगायला नाही?

कसं झालं ते तुझं पान वाचताच काल रात्री माझ्या लक्षात आलं. आज दुपारी कॉम्प्युटर काढून एकेक फाइल तपासली. तुला अंदाज असेलच, तरी सांगते, कारण चूक माझी आहे आणि ती माझ्याच तोंडून यायला हवी.

हे अर्ध्या तासाचं भूत आपल्या गावाच्या मानगुटीवर जन्मापासून बसलेलं. राज्य सिडनीचं, घड्याळ ॲडलेडचं, म्हणून आपण सिडनीच्या कायम अर्धा तास मागे. त्या आठवड्यात सिडनीच्या संग्रहाला क्लबच्या फोटोंच्या प्रती पाठवायच्या होत्या, आणि त्यांचा हट्ट होता की फोटोच्या पोटात नोंदलेली वेळ सिडनीची हवी. दोनशे फोटो, त्यातच आपल्या स्पर्धेचेही. एकेकाची वेळ कोण बदलत बसणार? माझ्याकडे तो छोटा फुकटचा प्रोग्राम होताच. एक ओळ टाइप करायची, आणि अख्ख्या फोल्डरची वेळ एका फटक्यात पुढे किंवा मागे. मी ओळ टाइप केली. तो प्रोग्राम बिचारा प्रत्येक मूळ फाइल जपून बाजूला ठेवतो, तशी त्याची रीतच आहे. पण त्या फाइलींनी जागा अडते म्हणून मी ती सोय बंद केलेली होती. मी. जी दर महिन्याला क्लबात उभी राहून सांगायची की मूळ फाइलला हात लावायचा नाही, आधी प्रत, मग करामत. ज्या एका वाक्यावर पालिकेने गावाच्या जुन्या फोटोंच्या चार हजार काचेच्या निगेटिव्ह प्लेटा माझ्या घरी उतरवून घ्यायला दिल्या. आणि पालिकेत जाऊन ते वाक्य माझ्यातर्फे सांगणारा कोण, तर तू.

तीन दिवसांनी त्याच फोल्डरवरून मी ‘एका दिवसाच्या स्पर्धे’चे फोटो तपासले. सकाळी आठ ते दुपारी चार, त्या बाहेरचा फोटो बाद. बाकीच्यांचे फोटो अकराचे साडेअकरा झाले, एकचे दीड झाले, कोणाला काय फरक पडतो? एकटा तूच असा की दिवसभर त्या खाणीच्या काळ्या ढिगाऱ्याशी बसून राहिलास आणि शेवटच्या वीस मिनिटांत गुलाबी गाला पोपटांचा अख्खा थवा तुझ्यासमोर उठला. तपासणारी मी, आणि स्पर्धेतही मीच होते हे खरं. पण आपल्या क्लबात अठरा माणसं, त्यातल्या अकरा जणांना फाइल कॉपी करता येत नाही. दुसरं कोण तपासणार होतं?

सभेत मी भिंतीवर तुझा फोटो मोठा करून दाखवला आणि खाली वेळ. चार-चौदा. तू म्हणालास, “नाही गं, पावणेचारला काढलाय मी.” एवढंच. मग टोपी उचललीस.

पुढचं तू भोगलंस, मला ठाऊक आहे. पबमध्ये तुला बघून म्हणायचे, “काय चार-चौदा, आज वेळेत का?” मी एकदा तिथेच होते. मी ग्लासात बघत बसले. चाळीस वर्षं खाणीत तुझ्या शब्दावर माणसं खाली उतरायची, आणि दोन वर्षांत तू गाव सोडून मुलीच्या मागच्या खोलीत टीव्ही बघतोयस. आणि तेवढं सगळं होत असताना हे पाकीट तुझ्या शेडमध्ये होतं. मूग गिळून बसलास. दारावरून जाताना मान हलवायचास. मला वाटायचं, तोंड दाखवायला लाजतोय.

याला चांगुलपणा म्हणत असशील तर तुझा चांगुलपणा तुलाच लखलाभ. मला न विचारता माझ्या डोक्यावर ठेवलेलं ओझं आहे हे, आणि मी ते उतरवणार आहे. गुरुवारी क्लबची सभा आहे. हे पत्र तोपर्यंत टाकत नाही.

शुक्रवार, १७ जून

सांगितलं.

हॉलमध्ये चौदा जण होते. तुझं कार्ड लावलं, भिंतीवर दाखवलं. ३.४४. मग तुझं पान वाचलं. ‘तिला दुसरं काही नाही’ हेही वाचलं, गाळलं नाही. मर्व्ह म्हणाला, “जुनं मढं कशाला उकरतेस, ग्लेन? जाऊ दे ना.” मी म्हटलं, मर्व्ह, तू खाली बस, नाहीतर मी तुला बसवीन. तो बसला.

तुझा फोटो पहिला. ठराव झाला, एकमताने. क्लबतर्फे तुला माफीचं पत्र येईल. मर्व्ह लिहिणार आहे, तेव्हा शुद्धलेखनाची अपेक्षा ठेवू नकोस. पालिकेतही आज सकाळी जाऊन सांगितलं. त्या बाई भल्या आहेत, पण नियम म्हणजे नियम. सोमवारी प्लेटांची खोकी घेऊन जातील, उतरवलेल्या सव्वीसशे प्रतींची तपासणी होईल, मग बघू म्हणाल्या. म्हणजे तू तीन वर्षं तोंड शिवून जे वाचवलंस ते मी एका सकाळीत घालवलं. रागावला असशील तर रागव.

इथे पत्र संपवून पाकीट बंद केलं होतं. पोस्टाच्या दारातून परत आले.

कारण सभेत काय झालं माहीत आहे? त्यांनी टाळ्या वाजवल्या, नेव. माझ्यासाठी. “केवढं धाडस लागतं चूक कबूल करायला,” असं एक जण म्हणाला. बायकांनी मिठ्या मारल्या. कोणीतरी लॅमिंग्टन केक आणले होते, सगळ्यात मोठा माझ्या बशीत ठेवला. आणि मी तो खाल्ला. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावी असं वाटत होतं, आणि खात होते.

तू बाद झाल्यावर पहिला कोणाचा फोटो आला आणि तीन वर्षं हॉलच्या भिंतीवर कोणाचा लटकत होता, ते रविवारच्या पानांत मी लिहिलं नाही. तुझ्या नजरेतून सुटलं नसेल. माझा. तुझ्यामागे दुसरी मी होते. एकतीस वर्षं मी तुझ्यामागे दुसरी होते. भिंतीवर ते चार-चौदा दिसलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही, नेव. बरं वाटलं. म्हणून तर ते वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं. ‘घड्याळ खोटं बोलत नाही, नेव, माणसं बोलतात.’ लोक हसले. तू टोपी उचललीस ती त्या वाक्यानंतर, आधी नाही. रविवारी मी तेही गाळलं.

आणि अजून आहे.

त्या दिवशी घरी जाताना, पेट्रोल पंपाच्या वळणावर, माझ्या मनात आलं. तीस मिनिटं. मी त्या आठवड्यात काहीतरी तीस मिनिटं पुढे केलं होतं. गाडी बाजूला घेतली मी. इंजिन चालू ठेवून बसले. दहा मिनिटांचं काम होतं, घरी जायचं, फोल्डर उघडायचं, दुसऱ्या कोणाच्याही एका फोटोची वेळ बघायची. मी घरी गेले, सूप गरम केलं आणि झोपले. दुसऱ्या दिवशीही उघडलं नाही. तीन वर्षं ते फोल्डर उघडलं नाही. कारण उघडलं नाही तोवर मला माहीत नव्हतं, असं म्हणता येत होतं.

तू माझी चूक झाकलीस. झाकत होतास ती चूक नव्हतीच. म्हणून तर तुझा एवढा राग येतो मला. तू त्या पानावर माझ्याबद्दल जी बाई लिहून ठेवलीस, ती मी नव्हते, आणि तिच्यासाठी तू गाव सोडलंस.

टाळ्या वाजवणाऱ्यांना हे सांगितलं नाही. धीर झाला नाही. तुला एकट्याला लिहून दिलं आहे, माझ्या अक्षरात, सहीसकट. मर्व्हला पाठव, केरीला वाचून दाखव, पबच्या भिंतीला चिकटव. काय करायचं ते तू ठरव. फक्त या वेळी माझ्यावर दया करून गप्प बसू नकोस.

तुला चार माणसांत लबाड ठरवणारी लबाड,
ग्लेनिस