पासवर्ड बदलत राहावा

२२ नोव्हेंबर १९९९
काल इंदापूरला मुलगी बघितली. स्वप्नाली. पुण्यात कॉम्प्युटर शिकते. मला एकदम पसंत. ती म्हणाली, होकार-नकार मी तुम्हालाच कळवणार, मध्यस्थ नको, ईमेल आहे ना? म्हणालो, आहे की, जुनाच आहे. आज बारामतीत सर्जेरावच्या कॅफेत जाऊन काढला. मग फोन करून तिला पत्ता दिला. पासवर्ड तिचंच नाव. कुणाच्या बापाला कळणार नाही! संकल्प: पासवर्ड बदलत राहायचा. शिस्त म्हणजे शिस्त.

२३ नोव्हेंबर
मेल नाही. टायपिंग मला येतं, पण कीबोर्डवर अक्षरं ओळीनं लावलेली नाहीत, म्हणून सर्जेराव टाइप करतो. पासवर्ड त्याच्या कानात सांगितला. लाईट गेलेली, जनरेटर चालू, त्याला ऐकू येईना. जरा मोठ्यानं सांगितला. बाहेरून चहावाला गेणबा म्हणाला, वहिनींचं नाव ब्येस हाय. ताबडतोब बदलला. आता आमच्या म्हशीचं नाव.

२५ नोव्हेंबर
मेल नाही. जनरेटर चालूच. ओरडावं लागलं. गेणबानं विचारलं, चंद्री दूध किती देती? बदलला. सर्जेराव म्हणतो, दादा, लोकं वर्षातनं एकदाबी बदलत न्हाईत. अडाणी लोक! आता गावाचं नाव, कळस. अवघड आहे.

२६ नोव्हेंबर, संध्याकाळी
मेल आला! पण मी पायरी चढायच्या आधीच सर्जेराव ओरडला, दादा, इंदापूरचा मेल हाय, काय लिवलंय सांगू का? म्हणाला, तुमची खेप वाचावी म्हणून उघडून बघितला. तळपायाची आग मस्तकात गेली. खबरदार म्हणालो, एक अक्षर सांगशील तर! आधी सुरक्षितता, मग मेल. पासवर्ड बदलायचा कुठं तेवढं दाखवायला लावलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. डोक्यावरून टॉवेल घेतला, एका बोटानं स्वतः बदलला. ओठ हलू नयेत म्हणून मनातसुद्धा म्हटला नाही. तेवढ्यात जनरेटरचं डिझेल संपलं.

२७ नोव्हेंबर
उघडत नाही. कंपनीची चूक. काय टाकलं होतं ते आठवतं, फक्त नक्की आठवत नाही. सर्जेरावला मजकूर विचारायचा? छे! अब्रूचा प्रश्न आहे. मेल वाचला म्हणून ठोकून दिलं. गेणबा माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसला, चहाचे पैसेही घेतले नाहीत. लोकांना शिस्तीच्या माणसाचा आदर वाटतो.

२८ नोव्हेंबर, रविवार
सकाळी आठवल्यासारखं झालं, पळत गेलो. कॅफे बंद. गेणबाची टपरी बंद. शेजारचा सलूनवालाही गायब. अशानं धंदे होतात होय? दिवसभर पायरीवर बसून पासवर्ड आठवले. स्वप्नालीची फार आठवण आली.

२९ नोव्हेंबर
सर्जेराव भेटला. म्हणाला, दादा, तुमीच कसं आला न्हाय?
तिनं लिहिलं होतं: पसंत आहात, रविवारी घरच्यांना घेऊन सुपारी फोडायला या, आला नाहीत तर नकार समजेन. मी जाणारच, असं धरून कॅफेतले सगळे टोप्या-फेटे घालून परस्पर इंदापूरला गेले. नवऱ्याकडचे पाव्हणे म्हणून त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. श्रीखंड झकास होतं म्हणे. दिवस मावळेपर्यंत माझी वाट बघितली. मग तिच्या वडलांनी हात जोडले.
घरी येऊन रडलो. आबा म्हणाले, त्या पोरीला फोन का केला न्हाईस?
फोनवर अशा गोष्टी बोलू नयेत. कुणीही ऐकतं.