कारखान्याच्या दारात

निपाणी

शामूअण्णा,

"बाळाबाई, तुझी नात कारखान्याच्या दारात धरणं धरून बसलीया. तिला आवर," असं काल तू फोनवर ओरडलास. म्हणून आज सकाळच्या बसनं मी उद्यमबागेत, त्या कारखान्यावर गेलते.

मला बघून माझ्या नातीचं, तेजस्वीचं तोंड उतरलं. तिला वाटलं, मी तिला ओढून न्यायलाच आले. तरुणपणी मी तंबाखूच्या वखारीपुढं धरणं धरलं, तवा तू मला दंडाला धरून घरी आणलं होतंस, हे तिला ठाऊक हाय. दुसऱ्या दिवशी मी परत तिथंच जाऊन बसले, हे मात्र तू कुणाला सांगत न्हाईस.

त्या कारखान्यात बायकांसाठी संडासच न्हाय. म्हणून पोरी दिवसभर पाणी पीत न्हाईत. वखारीत आम्हीबी तसंच कोरड्या घशानं राबलो, अण्णा. मी तेजस्वीला म्हटलं, "सरक गं जरा," आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसले.

दुपारी मालक बाहेर आला. सोमवारी संडासाचं बांधकाम सुरू करतो, असं त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं.

त्याच्याशी बोलायला जी पोरगी उठली, ती तुझी नात पूर्णिमा. आवाज जरासुद्धा कापला न्हाय तिचा. नंतर माझा हात धरून म्हणाली, "आज्जी, आजोबांना तुमी काय सांगू नका. रविवारी गुंजीला त्यांच्या घरी जाऊन मीच सांगणार."

म्हणून हे पत्र मी टाकत न्हाय. फोनवर तुला एवढंच सांगीन: पोरगी दारात आली की तिला आधी बसायला सांग, अण्णा.

तुझी धाकटी बहीण,
बाळाबाई