उंबरातले दार

नाशिक, ९ जानेवारी १९७८

चि. यमूस अ. उ. आ. व प्रभूच्या नावाने सलाम.

नाताळचा केक पोचला. टपालात तो चपटा झाला होता. तुझ्या मामीने तो चमच्याने खाल्ला आणि पुण्याच्या बेकऱ्यांविषयी आपले मत सांगितले. ते इथे लिहीत नाही.

एक बातमी आहे. चर्चच्या आवारातला उंबर तोडायचा, असा विषय पंचांपुढे आला. आणला रावजीने. तोच तो, दिंडोरीला द्राक्षबाग आहे, आता मंडळीचा खजिनदार झाला आहे. लहानपणी तो माझ्या संडे स्कूलमध्ये होता. उंबर पिकले की एका रविवारी मी झाडाखाली जक्कयाची गोष्ट सांगतो, आणि वर्गातल्या सर्वांत बुटक्या मुलाला फांदीवर बसवतो. रावजी सलग पाच-सहा वर्षे बसला. तूही एकदा बसली होतीस आणि उतरायला तयार नव्हतीस.

तुला गोष्ट पाठ आहे, तरी सांगतो. मास्तरकी सुटत नाही. जक्कय जकातदार, श्रीमंत, अंगाने ठेंगणा. गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढला. येशूने वर पाहिले आणि म्हणाला, की खाली उतर, आज मी तुझ्या घरी येणार आहे.

रावजीचे म्हणणे, की गुरुवारी भिंतीपलीकडची माणसे आत येऊन दत्ताचे झाड म्हणून खोडाशी दिवा लावतात. शिवाय फळांचा चिखल होतो, चिलटे होतात. मी उत्तर द्यायला उठलो. तेवढ्यात तो म्हणाला, की मास्तर, तुम्हीच शिकवलंत ना, उंबर बाहेरून लाल आणि आतून किडलेलं, तसं पापी माणसाचं मन? दर वर्षी फळ फोडून किडे दाखवायचात. मग असलं झाड प्रभूच्या दारात कशाला? सगळे हसले. मीही हसलो. ईस्टर झाल्यावर मते घेणार आहेत.

बैठकीहून परतताना एक प्रश्न पडला. तू वनस्पतिशास्त्र शिकतेस म्हणून विचारतो. ते किडे आत जातात कुठून? मी इतकी वर्षे उंबर फोडले. बाहेरून भोक पडलेले पाहिल्याचे आठवत नाही. आणि हे विचारावे असे एकदाही वाटले नाही.

मामी बरी आहे. लोभ आहे, तो पत्रातून दिसू दे.

तुझा,
लेमुएलमामा

---

पुणे, १८ जानेवारी १९७८

ती. मामांस, यमूचा सप्रेम सलाम, वि. वि.

प्रश्न वाचून इतका आनंद झाला, की प्रॅक्टिकलला उशिरा गेले आणि बोलणी खाल्ली.

पहिली गोष्ट, उंबर हे फळ नाही. ती फुलांची पिशवी आहे. शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला तोंड करून बसलेली असतात. घरी क्वचित येणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. मामी मला तेच म्हणते. पण ते झाड फुलांनी भरलेलं असतं. आपण ती खातो आणि फूल दिसत नाही म्हणून तक्रार करतो.

दुसरी गोष्ट, ते किडे फळ सडल्यामुळे झालेले नाहीत. त्यांच्यावाचून उंबरात बी धरत नाही. फळाच्या टोकाशी खवल्यांनी मिटलेली एक वाट असते. कोवळ्या फळात एखादी मादी त्या वाटेनं शिरते. वाट इतकी अरुंद, की तिचे पंख तिथेच तुटून राहतात. ती आत फुलांवर पराग टाकते, अंडी घालते आणि मरते. तुम्ही आम्हाला दाखवायचात ती तिची पिल्लं.

यापुढचं मी सांगणार नाही. उत्तर आधी पाहून गणित सोडवू नये, हे तुम्हीच शिकवलंत. पिकायला आलेले दोन-तीन उंबर फांदीवरून तोडा, काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा आणि बघत राहा. कोण बाहेर येतं, कुठून येतं, आणि कोण येत नाही, ते मला लिहा.

रावजीकाकांचा मला राग नाही आला. तुमचाच धडा त्यांनी तुम्हाला म्हणून दाखवला, आणि चांगला म्हणून दाखवला.

तुमच्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. मामींना माझा सलाम आणि बरणीबद्दल आगाऊ माफी.

तुमच्या लोभातली,
यमीमा

---

नाशिक, २१ फेब्रुवारी १९७८

चि. यमूस अ. उ. आ. व सलाम.

बरणी मुरंब्याची होती. मुरंबा वाटीत काढावा लागला, वाटीत ठेवल्यामुळे त्याला मुंग्या लागल्या, आणि मुंग्यांचे पाप माझ्या माथी आले. पण प्रयोग झाला.

पहिल्या खेपेस फळे कच्ची होती, ती सुकली. दुसऱ्या खेपेस सकाळी न्याहारीच्या वेळी एका उंबराला बाजूने बारीक भोक पडले. तू म्हणतेस त्या टोकाशी नव्हे, कुशीत. त्यातून काळे, पंख असलेले, तिळाहून लहान जीव एकामागून एक निघाले. ढकलाढकली नाही. रविवारी उपासना संपल्यावर आपली मंडळी दारातून इतक्या शिस्तीने निघत नाही. ते सगळे मलमलीला जाऊन चिकटले. मग मी फळ फोडले. आत पिवळट रंगाचे काही राहिले होते. त्यांना पंख नव्हते. काही मेले होते, काही वळवळत होते. भोकाच्या तोंडाशीच दोघे मरून पडले होते.

हे कोण? ते का निघाले नाहीत? त्यांना डोळे दिसत नाहीत. भिंगातून पाहिले तरी दिसत नाहीत.

आता माझा प्रश्न. सृष्टीच्या कथेत देव आपले काम पाहतो आणि चांगले आहे म्हणतो. त्याने सगळ्यांच्या आधी उजेड केला. सूर्यही नंतरचा. मग ज्याला उजेडाचा काही उपयोगच नाही, असा जीव त्याने कशासाठी केला? आणि त्याच्याकडे पाहूनही तो चांगले आहे म्हणाला का?

तुझे नाव आम्ही ईयोबाच्या मुलीचे ठेवले. मुलेबाळे, धन, सगळे गमावल्यावर ईयोबाने देवाला विचारले, की माझ्यावर हे का? देवाने उत्तर दिले नाही. जनावरे दाखवली. रानगाढव, शहामृग, गरुड, सुसरीसारखे ते मोठे धूड. एवढ्या जनावरांत हा पिवळा किडा नाही. तो असता तर बरे झाले असते, असे मला आठवडाभर वाटते आहे.

वर्गात मात्र अडचण झाली. जुना धडा आता सांगवत नाही आणि नवा अजून हाती नाही.

उत्तर सवडीने लिही, पण लिही. लोभाची आठवण करून द्यावी लागत नाही, उत्तराची लागते.

तुझा,
लेमुएलमामा

(याच पाकिटात)

यमू, मी मामी. ते अंघोळीला गेलेत तोवर लिहिते.

चष्म्याचा नंबर नाही गं. काचबिंदू आहे. डावा डोळा गेलाच. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. उजव्यात उरलीय ती थेंब टाकून जपायची, जपेल तितकी. तुला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घालणार होते. मी म्हटलं, शास्त्रात शपथ घालू नका म्हटलंय.

ते भिंगातून बघितल्याचं लिहिलंय ना, ते मी बघितलं आणि यांना सांगितलं. मला परत परत विचारत होते, की नीट बघ, त्याला डोळे आहेत का. मी म्हटलं, नसावेत. मग संध्याकाळपर्यंत बरणी मांडीवर घेऊन बसले. जेवले मात्र नीट.

ते झाड गेलं तर यांचा वर्गही गेला समज. बाकी सगळं हल्ली चुकतं. बायबलची पानं दिसत नाहीत, पाठ आहे ते म्हणतात. पण झाडाखाली उभे राहिले, की अजून मास्तर असतात.

तर तू उत्तर लिहिशील ते जपून लिही. पण खोटं लिहू नकोस; यांना कळतं.

वत्सलामामी

---

पुणे, ६ मार्च १९७८

ती. मामांस, यमूचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुम्ही जे पाहिलंत ते आमच्या वर्गातल्या पुष्कळांनी पाहिलेलं नाही. त्यांनी वाचलंय.

पिवळे ते नर. त्यांना पंख नसतात. डोळे असून नसल्यासारखे. ते माद्यांच्या आधी जागे होतात, अंधारातच त्यांची माद्यांशी गाठ पडते. मग ते जबड्यांनी फळाची भिंत पोखरायला लागतात. एकट्याचं काम नाही, बरेच मिळून पोखरतात. कुशीतलं ते भोक त्यांनी केलेलं. त्यातून माद्या पराग घेऊन उडून जातात. नर जात नाहीत. ज्यांनी दार केलं ते दारातच मरतात, तुम्ही पाहिलेत तसे.

मामा, देवानं असा जीव का केला, हे मला ठाऊक नाही. सरांना विचारलं, त्यांनाही नाही. ते म्हणाले, तो आपल्या खात्यातला प्रश्न नाही. त्यांना उजेडाचा उपयोग नाही, हे तुमचं म्हणणं खरं. पण बाहेरचा उजेड फळात पहिल्यांदा येतो तो त्यांनी पाडलेल्या भोकातून. एवढंच मला माहीत आहे. यावरून मी प्रवचन करणार नाही. केलं तर तुम्ही त्यातल्या चुका काढाल.

आणखी एक. उडालेली मादी फार तर दिवसभर जगते. तेवढ्यात तिला कोवळी फळं असलेला दुसरा उंबर गाठावा लागतो. आपल्या झाडावर तेव्हा बहुधा पिकलेलीच असतात. म्हणजे एकटा उंबर असा नसतोच. आपल्या आवारातला एक, नाल्यापलीकडे दत्ताच्या देवळामागचा एक, आणखी कुठे कुठे असतील. एक तोडला, की बाकीच्यांची एक वाट कमी होते.

तुमच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट शेवटी सांगते. आमोस संदेष्टा मेंढपाळ होता आणि उंबराची निगा राखायचा. ती निगा काय, हे मला इथे कळलं. त्या देशातल्या उंबराला हा किडा नाही. म्हणून तिथली माणसं एकेका फळाला सुरीनं चीर देतात, तेव्हा ते पिकतं. जक्कय चढला तो तसल्याच झाडावर. आपल्याकडे ते किड्यांवर सोपवलंय.

मामींनी मला सगळं लिहिलं. त्यांना बोलू नका. ईस्टरच्या सुट्टीत मी येते आहे. तोवर थेंब वेळेवर घ्या. रावजीकाकांना हे सगळं माझ्याआधी तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर पुण्याहून शिकून आली म्हणतील.

लोभ आहे म्हणून हक्कानं लिहिलं.

तुमची,
यमीमा

---

नाशिक, १९ एप्रिल १९७८

चि. यमूस अ. उ. आ. व सलाम.

अक्षर रावजीचे आहे. मी सांगतो आहे, तो लिहितो आहे. काना-मात्रा त्याच्या.

तू ईस्टरला आलीस तेव्हा विचारत होतीस, की रावजीकाकांकडे गेलात का? मी विषय टाळला होता. तू गाडीत बसलीस त्याच संध्याकाळी गेलो. मामीच्या हाताला धरून. उंबराचा सगळा वृत्तान्त मनात जुळवून ठेवला होता. दारात रावजीचा आवाज ऐकला आणि तोंडून निघाले, की आज तुझ्या घरी जेवायला आलो आहे.

त्याने दार पुरते उघडले. मग आत हाक मारली. त्याच्या बायकोने, मालनबाईने, पिठले टाकले. जेवताना मी किड्यांची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता की नाही कळेना. द्राक्षवाल्याला किडा म्हटले की फवारणी आठवते. हात धुताना मात्र बोलला. तो म्हणाला, की मास्तर, लहानपणी दर वर्षी तुम्ही मला त्या फांदीवर बसवायचात. पोरं हसायची, वर्षभर जक्कय जक्कय करायची. गोष्टीत त्याला खाली बोलावतात आणि त्याच्या घरी जातात. तुम्ही गोष्ट संपवून आपल्या घरी जायचात.

हे लिहायला रावजी तयार नव्हता. मी म्हटले, लिही, तिला कळू दे.

मी आणखी भाकरी मागितली.

परवा पंचांची बैठक झाली. झाड तोडायचा विषय रावजीनेच मागे घेतला. त्यालाही धडे पाठ आहेत. येशूच्या दाखल्यातला माळी फळ न देणारे झाड तोडू पाहणाऱ्या धन्याला म्हणतो ना, की यंदा राहू द्या, भोवती खणून खत घालतो, तसेच तो म्हणाला. एक वर्ष मिळाले. काल बागेतून शेणखताची बैलगाडी आली. औषध मारायचे नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे. दिव्यासाठी भिंतीच्या पलीकडच्या अंगाला त्याने एक कोनाडा करून दिला. दोन पंच रागावले आहेत.

रविवारी वर्ग घेतला. नवा धडा सांगितला. बरा झाला असावा. कोणी हसले नाही. माझा उजवा डोळाही आता फारसे काही सांगत नाही. तुझा प्रश्न असेल, की मग त्या पिवळ्या किड्याविषयीच्या माझ्या प्रश्नाचे काय? तो आहे तिथेच आहे. पण त्याच्याशी आता ओळख झाली आहे.

लोभ कमी करू नकोस. पत्रे मोठ्या अक्षरात लिहायची गरज उरली नाही, वाचणारे मिळाले आहेत.

तुझा,
लेमुएलमामा

ता. क. यमू, हे माझं, रावजीचं. मास्तरांना वाचून दाखवणार नाही.

रविवारी त्यांनी फळ फोडलं नाही. तसंच तळहातावर धरून उभे राहिले. पोरं कंटाळली, मी पण कंटाळलो. मग त्याला भोक पडलं आणि ते काळे जीव निघून त्यांच्या बोटांवर चालायला लागले. मास्तरांनी हात हलवला नाही. विचारलं, की पोरांनो, उडाले का? पोरं म्हणाली, उडाले. कुठं गेले, म्हणाले. सगळ्या पोरांनी एकदम हात करून दाखवलं आणि मास्तर नुसते हसत उभे. त्यांना हात दिसत नाहीत हे कुणाच्या लक्षात येईना.

मग मी पुढं झालो. त्यांचं बोट धरलं आणि भिंतीवरून, नाल्यापलीकडं, दत्ताच्या देवळामागच्या उंबराकडं वळवून धरलं.

लय वेळ धरून होतो.

रावजी