टोपी कोणी बसवली?

सुलतानपूर
२० एप्रिल १९६४

प्रिय भाऊजी,

आता ‘प्रिय’ असंच लिहायला हवं. परवा बाबांनी तुमच्या घरी होकार कळवला, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्तही ठरला. अक्काला जाऊन तीन महिने झाले नाहीत, पण पुष्पाला आई हवी असं सगळेच म्हणतात, आणि मेलेल्या बहिणीच्या जागी धाकटी द्यायची रीत आपल्याकडे आहेच. दुसरी बायको शोधायला तुम्हाला चपला झिजवाव्या लागल्या नाहीत, बघा.

पंचनामा मी वाचला. बाबांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून जमादारांनी तो माझ्याच हातात दिला. मयत सरस्वतीबाई दुपारी घर झाडत असता भरलेली बंदूक खुंटीवरून पडली व चुकून उडाली. खाली पंचांचे अंगठे. मी विचारलं, ठासणीची बंदूक नुसती भरून टांगली तर उडत नाही, घोड्याखाली दारू पेटवणारी स्फोटक टोपी बसवावी लागते. ती कोणी बसवली? जमादार हसले. "पोरी, पडली अन् उडाली. तुले काय समजते बंदुकीतलं?" तुम्ही शेजारी उभे राहून डोळे पुसत होता. छान पुसता तुम्ही.

तुमच्या घरची पद्धत मला ठाऊक आहे, आमच्याही घरची तीच. टोप्या घरच्या बाईकडे असतात. हरभऱ्यात डुकरं आली की ती मोजून देते, माणूस रानातून आल्यावर उरलेल्या परत घेते आणि मगच पाय धुवायला पाणी देते. अक्का याबाबतीत भारी कडक होती. मी संक्रांतीला आले तेव्हा तुम्ही चिडून म्हणालात, "हे बाई तं पोलिसाच्या वरताण हाय!" अक्का गेली त्या दिवशी आणि आदल्या दिवशीही तुम्ही रानात गेला नव्हता, असं तुमच्याच जबाबात आहे. मग टोपी बंदुकीवर आली कशी? तुम्ही मागितली आणि तिनं दिली. कशाला हवी, हे तिनं नक्की विचारलं असेल. काय सांगितलंत तिला?

गेल्या वर्षी तुम्ही आमच्याकडे तीनदा आलात आणि तिन्ही वेळा पाणी माझ्याच हातचं मागितलंत. मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता त्याची इतकी किळस येते की मी उगाच हात घासत बसते.

यातलं बाबांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं आणि पुष्पा तुमच्याच घरात राहिली असती. बापाकडून लेक कोण काढून घेणार? म्हणून मी हो म्हटलं. मी तिच्यासाठी येते आहे. मुहूर्ताला अजून तीन आठवडे आहेत. भ्यालात तर पुष्पाला इकडे आणून सोडा आणि लग्न मोडल्याचा दोष खुशाल माझ्यावर ढकला. नाही भ्यालात तर हळद लावून तयार राहा. फक्त एक गोष्ट आधीच कळावी म्हणून हे पत्र. अक्का नुसत्या टोप्या सांभाळायची, तिला बंदूक भरता येत नव्हती. मला येते.

तुमचीच होणारी,
चांगुणा