रोजचं थोडं थोडं पाणी

ती. वन्सं,

वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (विचारलं की तुम्ही "आहेत जागेवर" म्हणता, म्हणजे दुखतायत असं मी धरून चालते.) माझं बरं चाललंय. जेवण जातं, झोप तिच्या सवडीने येते.

तुमच्या दातांच्या डॉक्टरांनी यांची माशांची टाकी नेली का, हे विचारायला तुम्ही दोनदा फोन केलात आणि दोन्ही वेळा मी गॅसवर दूध आहे सांगून तो ठेवून दिला. (घरात तेव्हा दूध नव्हतं.) फोनवर मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमचं म्हणणं मला पहिल्यापासून पटलेलं आहे. तिसऱ्या मजल्यावर समुद्र पाळायचा हा तुमच्या भावाचा नाद. ते गेले, तर आता मासे न् प्रवाळ घेऊन मी एकटीने कुठवर बसायचं? त्यापेक्षा डॉक्टरांच्या दवाखान्यात ताटकळणाऱ्या माणसांना बघायला काहीतरी होईल, आणि मला त्या व्यापातून सुटका. तुम्ही हे समजावलंत तेव्हा मी हो म्हटलं, आणि माझा शब्द मी फिरवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

पण मधल्या काळात टाकी जिवंत ठेवायची होती ना. त्यासाठी मी यांची सगळी पुस्तकं वाचून काढली. टाकीतलं पाणी रोज हवेत उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ आणि बाकी सगळं मागे राहतं. म्हणून वरून जे पाणी घालायचं त्यात काहीही असून चालत नाही. आपल्या नळाचं पाणी तुम्हाआम्हाला पचतं, पण त्यात जे काही असतं ते टाकीत साठत जातं आणि त्यावर शेवाळ पोसतं. त्यासाठी मागच्या बाल्कनीत ते आरओचं यंत्र आहे, नळकांड्यांची रांग. आत मेम्ब्रेन म्हणून एक घट्ट गुंडाळलेली गाळणी असते. एका नळीतून चांगलं पाणी ठिबकतं, दुसरीतून वाया जाणारं धो धो वाहतं. बादलीभर चांगल्यासाठी तीन-चार बादल्या वाईट.

तुमचे भाऊ ते वाईट पाणी खुशाल मोरीत सोडायचे. माझा जीव होईना. मी बादल्या लावल्या, मग पातेली, मग कपडे भिजवायचा टब. साठलेलं पाणी वापरायला हवं म्हणून रोज फरशी पुसायला लागले. खालच्या मजल्यावरच्या मावशींनी जिन्यात विचारलं, "कुणी बघायला येणार आहे का?" खिडक्यांचे पडदे इतक्या वेळा धुतले, की आता त्यांतून समोरच्यांचा टीव्ही स्वच्छ दिसतो. (त्यांना आमचं काय दिसतं, ते विचारायची माझी हिंमत नाही.)

शिवाय यांचं ते पेनासारखं मीटर. पाण्यात बुडवलं की त्यात किती काय विरघळलंय त्याचा आकडा येतो. शून्य आला की जिंकलं. हाताला सवय लागली आणि मी दिसेल त्यात ते बुडवू लागले, फुलदाणीत, सूपमध्ये, एकदा चहात. चहाचा आकडा बघून दोन दिवस चहा सोडला. तिसऱ्या दिवशी मीटर कपाटात ठेवलं आणि चहा घेतला.

इतकं करूनही टाकीत शेवाळ माजलं. आधी दगडांवर मिसरूड फुटल्यासारखं, मग दाढी. प्रवाळं मिटून बसली. तो डोळे वटारणारा मासा, ज्याला हे मुकादम म्हणायचे, तो तर भोकातून बाहेर यायला तयार नाही. अशा अवस्थेत तुमचे डॉक्टर आले.

वन्सं, माणूस भला आहे. चपला काढल्या, खिशातून टॉर्च काढला आणि टाकीसमोर असे वाकले, की मला वाटलं आता मुकादमाला आ करायला सांगतात. म्हणाले, "हे हिरड्यांसारखं असतं, बाई. वरवर घासून भागत नाही. पाणी कुठलं घालता?"

मी जरा तोऱ्यातच यंत्र दाखवलं, नळीतून पडणाऱ्या पाण्याचा आकडा दाखवला. अगदी खाली. त्यांनी मान हलवली आणि मीटर साठवणीच्या डब्यात बुडवलं. तिथला आकडा चहाइतका नव्हता, पण त्या वाटेवर होता.

"यंत्र कधी चालवता?"

"रोज संध्याकाळी, थोडा वेळ."

"आणि तुमचे यजमान कधी चालवायचे?"

"हे रविवारी. दुपारभर, एकदाच."

मग त्यांनी समजावलं. यंत्र बंद असलं की गाळणीच्या घाणेरड्या बाजूचे क्षार हळूहळू चांगल्या बाजूला झिरपतात. म्हणून सुरू केल्यावर पहिलं पाणी फेकायचं असतं. पुढच्या नळकांड्यात उरलंसुरलं टिपणारे रंगीत मणी असतात, तेही अशा पाण्याने लवकर थकतात. आठवड्यातून एकदा दुपारभर चालवलं तर तसलं पहिलं पाणी थोडं, चांगलं पुष्कळ. मी रोज थोडं थोडं चालवत होते, म्हणजे रोज तेवढं पहिलंच पाणी जपून भरत होते. आकडा मात्र शेवटाला बघत होते.

"पण रोज का चालवता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वीज वाचावी म्हणून. त्यांना पटलं नसावं.

तुम्हाला सांगते. ते यंत्र सुरू झालं की पंप घुमतो, मग नळी दोनदा खोकते, मग पाण्याची धार लागते. स्वयंपाकघरात बाल्कनीकडे पाठ करून भाजी चिरत उभं राहिलं, की हे तिथे काहीतरी खुडबुड करतायत असंच वाटतं. आता विचारतील, "मीटर कुठे ठेवलंस?" (ते त्यांच्याच खिशात असायचं.) तेवढ्यासाठी मी रोज संध्याकाळी बटण दाबत होते. म्हणजे टाकीतलं ते हिरवं रान माझं पीक.

डॉक्टर म्हणाले, मणी बदला, पाणी बदला, महिन्या-दोन महिन्यांत टाकी सावरेल. तशीच न्यायलाही ते तयार आहेत. त्यांच्याकडे टाकीचे हाल होणार नाहीत, याची माझी खात्री पटली. तेव्हा तुमचंच खरं. टाकी गेली की त्या भिंतीशी शिलाईचं मशीन मांडीन म्हणते.

तब्येतीला जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. टाकी आहे तिथेच आहे. वन्संचं मन बदललं, असं मी डॉक्टरांना सांगून टाकलं. पुढच्या खेपेला ते तुम्हाला विचारतील, तेव्हा तुमचं तोंड उघडं असेल आणि त्यात कापूस असेल. नुसती मान डोलवा.

आणखी एक. आता यंत्र रविवारी दुपारभर चालणार. डबा भरून वाहू नये म्हणून कुणीतरी बसायला हवं, तर तुम्ही येत चला, असं आधी लिहिणार होते. पण डबा भरला की पाणी आपोआप थांबवणारा खटका डॉक्टरांनीच जाताना बसवून दिला, त्यामुळे ते कारण राहिलं नाही.

तरी या. हे गेल्यापासून तुम्ही दारातूनच परत जाता. टाकीकडे बघवत नाही, ते मला कळतं. स्वयंपाकघरात बसू. तिथली खुर्ची मी बाल्कनीकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. मीही तशीच बसते.